एका शब्दाची साडेसाती

गठ्ठे आले. मार्चचा शेवट आला की आमच्या घरात एक गोष्ट खाली येते आणि एक वर चढते. माळ्यावरून कूलर खाली येतो आणि माझा पारा वर. अकरावीच्या वार्षिक परीक्षेचे मराठीचे एकशे ऐंशी पेपर सुतळीनं बांधून टेबलावर पडलेत. गारखेड्यातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकी नेमकी पश्चिमेला, आणि कूलरच्या नव्या गवताला पहिलं पाणी लागल्याचा तो ओला, मातकट वास. हा वास आला की मला सुट्टी आठवत नाही, लाल शाई आठवते.

प्रश्न चौथा, वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा: नादी लागणे. एकीनं लिहिलंय, ‘मी मराठीच्या नादी लागले आणि गणितात नापास झाले.’ व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, गुण द्यावा लागला. पुढच्या पेपरात आहे, ‘आमच्या शेजारच्या काकांना नाद आहे.’ बस, एवढंच. कसला नाद, ते देव जाणे आणि काका जाणोत. मी वर लाल अक्षरांत ‘अर्थ अपुरा’ असं लिहिलं, अर्धा गुण कापला आणि पेन खाली ठेवून दिलं. तीन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत, ह्याच टेबलापाशी बसून मी ह्याच शब्दाचे गुण कापले होते. ते अजून टोचतं.

तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते. स्वतःविषयी एक गोष्ट मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होती, पण तिला नाव नव्हतं. हॉस्टेलवर मैत्रिणी एखाद्या मुलाविषयी डोळे मोठे करून बोलायच्या आणि मी मान डोलवायचे, क्रिकेट न कळणारा माणूस सगळ्यांबरोबर टाळी वाजवतो ना, तशी. मला माणसं आवडतात. गप्पा आवडतात, कुणी वाट बघत असलेलं आवडतं, डोकं दुखत असलं तर कुणी तेल लावून दिलेलं आवडतं. पण ज्या शारीरिक ओढीवर म्हणे सगळं जग चालतं, ती मला कधी लागलीच नाही. पुरुषाविषयी नाही आणि बाईविषयीही नाही. आजारी आहे म्हणून नाही, घाबरले म्हणून नाही, कुणी फसवलं म्हणून नाही. हे तीन खुलासे मी इतक्यांदा टाइप केलेत की पहिला शब्द लिहिला की पुढचे फोनच सुचवतो.

मग इंटरनेटवर मला इंग्रजीतला ‘असेक्शुअल’ हा शब्द सापडला, आणि त्या शब्दाखाली राहणारी माणसं सापडली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी दुपारी घरात एकटीच नाचले. जगात कुठं कुठं बसलेल्या लोकांनी बारीकसारीक फरकांना नावं देऊन ठेवली होती. ज्याला प्रेम होतं पण ओढ नसते त्याला एक नाव, ज्याला क्वचित होते तो ‘ग्रे-एस’, ज्याला फार ओळख झाल्यावरच होते तो ‘डेमी’. मी मराठीची मास्तरीण, मला शब्दांचा हव्यास. मी एकेक शब्द चाखत राहिले. महिनाभरानं मला त्यातलाच एक मराठी लोकांचा ग्रुप सापडला, पन्नास-साठ जणांचा, आणि माझा वैताग तिथूनच सुरू झाला.

तिथं कुणाचंच खरं नाव नव्हतं. ग्रुप चालवणारी पुण्याची मुलगी ‘केशर’ होती, मी ‘लाल शाई’ होते, आणि एक जण आमच्या जवळच्या गावाच्या नावानं नुसताच ‘लासूर स्टेशन’ होता, जो कधी काही बोलायचा नाही. ‘मी ग्रे-एस आहे पण हल्ली डेमीकडे झुकतेय’ असली वाक्यं तिथं रोज पडायची. ह्या वाक्यात मराठी काय, तर ‘मी’, ‘आहे’, ‘पण’, ‘हल्ली’ आणि ‘झुकतेय’. परदेशातल्या ग्रुपमध्ये नव्या माणसाचं स्वागत केकच्या चित्रानं करतात, म्हणून इथंही केक. मी म्हटलं, अरे बाबांनो, निदान खव्याची पोळी तरी पाठवा. त्यावर दोन दिवस खव्याची की पुरणाची असा वाद झाला आणि तीन जण रुसून बसले. मी फोन आपटायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा उचलायचे. कारण मधेच एखादी कुणी लिहून जायची, ‘ऑफिसच्या बाथरूममध्ये बसून लिहितेय, आज मी स्वतःला पहिल्यांदा नाव दिलं,’ आणि पन्नास पोळ्या एकदम पडायच्या. त्या पोळ्या बघून मीही एक टाकायचे, मग आणखीच वैतागायचे.

खरं दुखणं वेगळं होतं. मला ग्रुपसाठी शब्द नकोच होता, मला तो आईसाठी हवा होता.

बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. आईनं मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आमच्याकडे स्थळं आणायच्या सुलभाकाकू, आईच्या भिशीतल्या. चपला काढायच्या आधी त्यांची पिशवीतून बायोडेटा काढायला सुरुवात व्हायची. त्या वर्षी त्यांनी नाशिकचा एक इंजिनीअर आणला होता, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी ते लोक बघायला येणार होते. मी नेहमीप्रमाणे नको म्हटलं. आईनं चष्मा काढला. आई चष्मा काढते तेव्हा ती आई नसते, वर्गातली बाई असते.

‘‘नको तर नको. पण ह्या वेळी मला कारण दे, अंजू. बावीस ठिकाणी मी तुझा नकार पोचवून आले, पोस्टमनसारखी. पाकिटात काय आहे ते मला माहीत नाही. मी तुझी आई आहे का पोस्टमन?’’

‘‘आई, नाही सांगता येत.’’

‘‘दुसरं कुणी आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘कुणी काही केलं होतं का?’’

‘‘नाही गं!’’

‘‘मग सांगता कसं येत नाही? मराठी शिकवतेस ना पोरांना?’’

हे मात्र खरंच होतं आणि म्हणूनच फार लागलं. जे मी पोरांना रोज सांगते, स्वतःच्या शब्दांत लिहा, तेच मला जमेना. इंग्रजीत मी चार पानं लिहू शकत होते. पण आईपुढे, स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होईपर्यंतच्या वेळात काय सांगायचं? रविवारपर्यंत माझ्याकडे अठरा दिवस होते. तेवढ्यात शब्द सापडला नाही तर आई पुन्हा पाकीट न उघडता पोचवून येणार, आणि ह्या खेपेनंतर ती मला काही विचारणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला स्थळाची भीती नव्हती, तिच्या विचारणं सोडून देण्याची होती.

ग्रुपमध्ये तेव्हा एक शब्दसूची बनत होती, सगळ्यांना लिहिता येईल अशी. इंग्रजी शब्द डावीकडे, मराठी उजवीकडे. मी मास्तरीण म्हणून संपादनाचं काम माझ्याकडे. अरे देवा, काय काय यायचं त्या उजव्या रकान्यात! कुणी विरक्त म्हणायचं. विरक्त म्हटलं की डोळ्यांपुढे भगवी कफनी येते, आणि मला तर हिमरू शालींचा सोस, कपाटात जागा उरलेली नाही. कुणी ब्रह्मचारी सुचवलं. अहो, ते व्रत आहे, ते घाम गाळून पाळावं लागतं. मला काहीच पाळावं लागत नाही, हेच तर सांगायचंय! निष्काम लिहिलं तर वाचणारा म्हणेल ही बाई फळाची अपेक्षा न ठेवता पेपर तपासते. एका दीडशहाण्यानं नपुंसक लिहिलं आणि खाली खुलासा केला की व्याकरणात तर आहेच की हा शब्द. मी वर्गात लिंगविचार शिकवते तेव्हा ह्याच शब्दाला मागच्या बाकांवर खसखस पिकते, त्याची शिवी करून ठेवलीय सगळ्यांनी. मी तो खोडला आणि पाणी प्यायले.

आणि ती अंगठी! जगभरातले आमचे लोक एकमेकांना ओळखू यावं म्हणून उजव्या हाताच्या मधल्या बोटात काळी अंगठी घालतात, असं मी वाचलं. वाचलं आणि भारावून गुलमंडीच्या बाजारातून एक घेऊन आले. दोन दिवस मोठ्या धैर्यानं मिरवली. वाटलं, आई विचारेल, आणि त्या निमित्तानं विषय निघेल. आईनं बघितली आणि तिचा चेहरा उजळला.

‘‘शनीची घेतलीस होय? बरं केलंस. मी सांगणारच होते, साडेसाती चालूच आहे तुझ्या राशीला. पण ही भलतीच गुळगुळीत आहे गं, घोड्याच्या नालेची लागते.’’

विज्ञानाची बाई, पण शनीपुढे विज्ञान संपतं. शनिवारी सकाळी माझी अंगठी काढून घेतली, वाटीत तिळाच्या तेलात बुडवली आणि परत बोटात घातली. मी हे ग्रुपवर लिहिलं तर सगळे हसून लोळले. मला हसू येत नव्हतं. बोट तेलकट झालं होतं आणि पेपरावर डाग पडत होते.

शेवटी शब्दसूचीत सर्वानुमते ‘अलैंगिक’ मंजूर झाला. शुद्ध, संस्कृत, छापायला बरा. मीच शिक्कामोर्तब केलं. आणि एका दुपारी, आई पंख्याखाली जुन्या वर्तमानपत्रावर चिंच फोडत बसली होती, चिंचोके एका ताटलीत टाकत होती, तिच्यासमोर बसून मी सांगून टाकलं.

‘‘आई, मी अलैंगिक आहे.’’

आईचा हात थांबला. ‘‘काय आहेस?’’

‘‘अलैंगिक.’’

तिनं भुवया आवळल्या. मग तिचे ओठ हलायला लागले, आणि मला कळलं की ती बोटांवर मोजतेय. ‘‘द्विविभाजन, मुकुलायन, खंडीभवन...’’ अमिबा, यीस्ट, हायड्रा! तीस वर्षं दहावीला शिकवलेला धडा! अलैंगिक म्हणजे अलैंगिक प्रजनन, एकाच जनकापासून नवा जीव. ती माझ्याकडे बघत राहिली, मग चिंचेचे हात तसेच ठेवून जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘अगं, तुला लग्नाशिवाय मूल हवंय का?’’

मी तिच्याकडे डोळे फाडून बघितलं.

‘‘अशी बघू नकोस. हल्ली होतं म्हणे दवाखान्यात, नवरा लागत नाही. हेच होतं ना मनात? सरळ सांगायचं की. लोक काय बोलायचं ते बोलतील, मी आहे. मी सांभाळीन त्याला, माझे गुडघे अजून चांगले आहेत.’’

बिचारी माझी आई. एका क्षणात केवढी मोठी उडी मारून मोकळी झाली, फक्त चुकीच्या विहिरीत. मी हसले, मग रडले, मग त्या शब्दावर इतकी चिडले की टेबलावरचं शास्त्रीय परिभाषेचं पुस्तक कपाटावर फेकलं. ‘‘मूल नकोय गं आई, तसं काही नाही,’’ एवढंच म्हणू शकले. तिला ते पटलं नाही. पुढचे आठ दिवस ती पोळ्या लाटता लाटता विचारायची, ‘‘मुकुलायनाचं काय ठरवायलीस मग?’’

हा सगळा प्रकार मी ग्रुपवर मांडला. केशरनं लिहिलं, ‘हा अवेअरनेसचा प्रश्न आहे, आईंना काही लिंक्स पाठव.’ लिंक्स! माझ्या आईला! आणि त्या दिवशी, इतके महिने गप्प असलेल्या लासूर स्टेशननं पहिल्यांदा काहीतरी पाठवलं. आवाज होता, लिहिलेलं नव्हतं. मागं पोती पडल्याचा धप् धप् आवाज, कुणीतरी वजन ओरडून सांगतंय, आणि मधून हा.

‘‘म्याडम, येवढं आवघड कशाला करायलेत? आपल्याला त्याचा नाद नाय, म्हनायचं. लई सोपं हाय. आमी मेंढरंवाले लोकं. कळपात एखादा मेंढा आसतो, त्याला नाद नसतो. खातो, पितो, समद्यांबरुबर हिंडतो. लोकं म्हनली इकून टाका. माझा आजा म्हनायचा, त्याला नाद नाय म्हून काय झालं, लोकर देतो का नाय? ऱ्हाऊ द्या. तवापासून मला माझं कळलेलं हाय. बेनाद म्हना नायतर.’’

एकीनं लगेच लिहिलं की माणसांची जनावरांशी तुलना त्रासदायक आहे. आणि मी काय केलं? तापलेली होते, पंचेचाळीस पेपर बाकी होते, हातात लाल पेन होतं. मी शब्दसूची उघडली आणि त्याच्या शब्दापुढे लाल रंगात लिहिलं: ‘नाद म्हणजे व्यसन, छंद किंवा ध्वनी. अर्थ संदिग्ध. बोलीतला प्रयोग. बेनाद हा फारसी उपसर्ग आणि संस्कृत शब्द यांचा संकर, अग्राह्य.’ वर पुन्हा खोडून ठेवलं.

त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. ‘म्याडम, तुम्ही पेपर तपासायलेत का? मी शब्द सांगायलो.’ मग तो पुन्हा गप्प झाला.

ही ओळ माझ्या डोक्यातून जाईना. मी मुलांच्या पेपरात ‘करायलेत’, ‘बोलायलोत’ दिसलं की गोल करते, आणि घरी आई आणि मी सकाळपासून रात्रीपर्यंत तेच बोलतो. हे शहरच असं आहे. पाटीवर छत्रपती संभाजीनगर, मावशीच्या तोंडात अजून औरंगाबाद, आणि रिक्षावाला दोन्ही नावांना आणून सोडतो. बाजारात अर्धं वाक्य उर्दू, अर्धं मराठी. बेजार, बेफाम, बेअब्रू म्हणताना मी कधी उपसर्ग तपासला नव्हता. ग्रुपवर आम्ही सगळे आपापली ओळख घडवायला बसलो होतो म्हणे, आणि जो शब्द कुणाच्या तरी आज्यानं बांधावर बसून वापरला होता, तो मला अशुद्ध वाटला. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल.

चार दिवसांनी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते आठव्या दिवशी येतं आणि आलं की घरात लग्नघाई. आई पाइप घेऊन मोरीत, मी बादल्या उचलायला. ड्रम भरत होता. आई पाठमोरीच म्हणाली, ‘‘रविवारचं काय सांगू त्या लोकांना? आज फोन येईल सुलभाताईंचा.’’

‘‘आई, मला त्याचा नाद नाही.’’

‘‘कशाचा?’’

‘‘त्याचा. नवरा-बायकोत जे असतं त्याचा. कुणाचाच नाद नाही. कधी नव्हता.’’

ड्रम भरून वाहायला लागला. माझी आई भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीला घालणारी बाई, पण ती तशीच उभी राहिली आणि पाणी तिच्या पायांवरून मोरीत जात राहिलं. मग वाकून तिनं पाइप पुढच्या बादलीत टाकला.

‘‘नकोसं वाटतं का? किळस येते?’’

‘‘किळसही नाही. आठवणच होत नाही त्याची. तुला कसा सिनेमाचा नाद नाही, तसं.’’

आईनं बादली सरकवली. ‘‘मला सिनेमाचा नाद नाही म्हणून मला कुणी दवाखान्यात नेलं नाही,’’ ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं. ‘‘पण एकटी पडशील गं.’’

‘‘ती भीती मलाही आहे. पण ती वेगळी गोष्ट आहे ना? एकटी पडू नये म्हणून नाद कुठून आणू?’’

‘‘नाही, तो असा आणता येत नाही,’’ आई म्हणाली. आणि मग एकदम चिडली. ‘‘इतकं सरळ होतं तर मधे हायड्रा कशाला आणलास? आठ दिवस मी बाळंतविडे आठवत बसले!’’

आम्ही दोघी त्या ओल्या मोरीत इतक्या हसलो की शेजारच्या वहिनींनी भिंतीवर थाप मारली.

इथं हा लेख संपला असता तर किती बरं झालं असतं. पण अकरा वाजता सुलभाकाकूंचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावा म्हणून, मोठ्या अभिमानानं.

‘‘सुलभाताई, रविवारचं राहू द्या. आमच्या अंजूला नाद नाही.’’

‘‘अगं बाई, हो का?’’ काकू खुलल्या. ‘‘मग हे आधी नाही का सांगायचं! चांगलंच आहे की! हल्लीच्या मुलींना काय काय नाद असतात, मोबाइलचा काय, पार्ट्यांचा काय. मी बायोडेटात घालते, निर्व्यसनी. नाशिकवाले खूश होतील बघा.’’

आईनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बोटातल्या अंगठीकडे बघितलं. आणि म्हणाली, ‘‘तसं नाही हो. तिला साडेसाती चालू आहे. अंगठी घातलीय. अजून तीन वर्षं आहेत, तोवर विषयच नको.’’

‘‘अगंबाई! मग नकोच,’’ काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. एका मिनिटात बावीस नकारांचं काम झालं.

मी त्या दिवशी आईशी भांडले. जेवणाचं ताट बाजूला सारलं. ‘‘इतक्या महिन्यांनी मला एक शब्द मिळाला, तुला तो कळला, आणि पहिल्याच फोनला तू शनीच्या मागं लपलीस?’’

‘‘मला कळला ना?’’ आई म्हणाली. ‘‘मला कळायला तेहेतीस वर्षं लागली. त्यांना एका फोनमध्ये कसा कळेल? लोकांना शनी कळतो.’’

मी ताट घेतलं, पण राग तसाच राहिला. तीन वर्षं घरात शांतता होती, आणि त्या शांततेवर मी मनातून खार खाऊन होते. शनिवारी आई अंगठीला तेल लावायची, मी लावू द्यायचे. तिला ती कशाची आहे ते मी एव्हाना सांगितलं होतं. ‘‘असू दे गं, दोन्हीची असू दे,’’ म्हणाली. एकीच्या बोटात जगभरातल्या लोकांची खूण, आणि दुसरीला त्यात शनिमहाराज. कुणाला काय म्हणायचं?

त्या भांडणाच्याच आठवड्यात मी शब्दसूचीतली माझी लाल रेघ काढली. ‘नाद नसणे’ सगळ्यात वर घेतलं आणि लासूर स्टेशनची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत. तेव्हा कळलं की तो मोंढ्यात मापाडी आहे, धान्याची वजनं करतो, आणि मेंढरं आता त्याचा भाऊ बघतो. त्यानं आवाज पाठवला. ‘‘म्याडम, चालतंय. आईला कळलं ना? मंग पास. आमच्यात बी लगीन लावायच्या मागं हायेत. मी आज्याचं नाव घेतो, गप बसतेत.’’ केशरनं विचारलं, पुण्यात हा शब्द कळेल का? मी लिहिलं, नसेल कळत तर पुण्यानं दुसरा शोधावा. हे लिहिताना मला फार बरं वाटलं. आता ग्रुपवर पोरी सर्रास ‘मी बेनाद’ लिहितात आणि नवीन आलेली एखादी त्यावर विचारते, हा उपसर्ग फारसी आहे ना? मी उत्तर देत नाही.

तर आज. पेपर क्रमांक चौसष्ट हातात, कूलर घरघरतोय, आई समोर बसून माझ्या गुणांच्या बेरजा तपासतेय. तिला माझ्या बेरजांचा भरवसा नाही, कधीच नव्हता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तीन वर्षांनी ते नाव बघून मला धस्स झालं. आईनं स्पीकर लावला, तिला दुसरं बटण वापरायची सवयच नाही.

‘‘काय म्हणता? मी पंचांग बघूनच फोन केला,’’ सुलभाकाकू म्हणाल्या. ‘‘संपली ना अंजूची साडेसाती? हर्सूलचं एक स्थळ आहे. बिजवर आहे, पण माणूस फार सज्जन.’’

मी आईकडे बघितलं नाही. पेपराकडे बघत राहिले. शनी गेला होता. आता आई दुसरा कुठला तरी ग्रह काढणार, मंगळ नाहीतर राहू, आणि आणखी काही वर्षांची सोय होणार. मी मनातल्या मनात तिला माफही करून टाकलं. आता तिचं वय झालं, भिशीतल्या बायकांत तिला बसायचं असतं, तिनं काय काय म्हणून अंगावर घ्यायचं?

आईनं चष्मा काढला.

‘‘सुलभाताई, साडेसाती संपली. पण नकार साडेसातीमुळं नव्हता, ते मी खोटं बोलले होते. अंजूला त्याचा नाद नाही.’’

‘‘अहो, ते तर तुम्ही मागंच सांगितलं होतं. निर्व्यसनी...’’

‘‘निर्व्यसनी नाही. चहाचं व्यसन आहे तिला, दिवसातून सहा वेळा पिते. मी म्हणतेय नवऱ्याचा नाद नाही. पुरुषाचा नाही, कुणाचाच नाही. जन्मापासून नाही. काही बिघडलेलं नाही, दवाखान्यात जायचं नाही, अंगारा लावायचा नाही. ती अशीच आहे, आणि ती माझ्याजवळ आहे.’’

मग काकू फार हळू म्हणाल्या, ‘‘पण मी त्या लोकांना कारण काय सांगू?’’

‘‘हेच कारण आहे,’’ आई म्हणाली. ‘‘असंच सांगा. नाही कळलं तर माझा नंबर द्या, मी शिकवते.’’

तिनं फोन ठेवला, चष्मा लावला आणि बेरीज जिथं सोडली होती तिथून पुन्हा बोटानं मोजायला लागली. चौसष्ट नंबरच्या पेपरातली अक्षरं मला दिसेनाशी झाली होती.

‘‘पेपर बाजूला कर आधी,’’ आई वर न बघताच म्हणाली. ‘‘भिजला तर लाल शाई पसरते.’’